विंचवाचं बिऱ्हाड: ट्रक कॅम्परमधून युटाची पाच राष्ट्रीय उद्यानं

आमच्या ट्रकच्या डॅशबोर्डवर गणपती आहे आणि त्याच्या शेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर एवढंच लिहिलंय: ९ फूट २ इंच. ही आमच्या घराची उंची. पेट्रोल पंपाचं छप्पर किंवा झाडाची वाकलेली फांदी दिसली की बायको ती चिठ्ठी मोठ्याने वाचते. ही सवय फुकट लागलेली नाही. छतावरच्या व्हेंटचं एक झाकण आम्ही कॅम्पग्राउंडमधल्या एका जुनिपरला अर्पण केलंय.

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवलेली खोली. पलंग ड्रायव्हरच्या डोक्यावर येतो, मागे दार, मधे हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी जागा. मागे ओढायचा ट्रेलर नाही, तीस फुटी मोटरहोम नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, ते हे. आम्ही डेन्व्हरजवळ राहतो आणि युटातल्या आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटॉल रीफ, ब्राइस कॅन्यन आणि झायन या पाच उद्यानांच्या वाऱ्या असंच बिऱ्हाड घेऊन करतो. या बिऱ्हाडाचा सगळा फायदा ते लहान असण्यात आहे. म्हणून ते जितकं लहान आणि हलकं ठेवता येईल तितकं ठेवायचं, हेच मी पुढे वेगवेगळ्या प्रकारे सांगणार आहे.

आधी दाराची चौकट वाचा

कॅम्पर बघायला जाण्याआधी ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचा एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर वजन जाऊ देऊ नका, असं त्यावर लिहिलेलं असतं. तुमच्या ट्रकचा पेलोड तोच. जाहिरातीतला आकडा त्या मॉडेलच्या सर्वांत रिकाम्या गाडीचा असतो. तुमच्या गाडीत सनरूफ आणि चामड्याच्या सीट्स असतील तर ते वजन स्टिकरवरच्या आकड्यातून आधीच वजा झालेलं असतं.

आता हिशोब मांडा. समजा स्टिकरवर ३,४०० पौंड आहेत. कॅम्परचं कोरडं वजन, म्हणजे पाणी-सामान न भरता, २,४००. बरं वाटतं, हजार पौंड शिल्लक! पण गॅलनभर पाणी ८.३४ पौंडांचं, म्हणजे २५ गॅलनची टाकी भरली की २०८ गेले. प्रोपेनचे दोन भरलेले सिलिंडर साधारण ७४. बॅटऱ्या, एसी, बाजूची छत्री अशा 'कोरड्या' वजनात न धरलेल्या गोष्टी २००. दोन माणसं ३३०. कपडे, भांडी, खाणं, खुर्च्या, अवजारं २५०. बेरीज ३,४६२. घरातून निघण्याआधीच ६२ पौंड जास्त, आणि यात ना मुलं आहेत ना सासूबाई.

फोर्ड एफ-१५० सारख्या 'हाफ-टन' ट्रकचा पेलोड बहुतेक वेळा १,४०० ते २,००० पौंडांच्या आसपास असतो. त्यात फक्त छत खाली-वर होणारे हलके 'पॉप-अप' कॅम्पर बसतात. भिंती पक्क्या असलेल्या, शॉवर-टॉयलेटच्या कॅम्परला एफ-२५० किंवा एफ-३५० च्या वर्गातला ट्रक लागतो. मागच्या स्प्रिंगला एअरबॅग लावल्या की काम होतं, असं सांगणारे खूप भेटतील. एअरबॅगने ट्रकची खाली बसलेली शेपटी वर येते, पण ॲक्सल, ब्रेक आणि टायर तेच राहतात. स्टिकरवरचा आकडा वाढत नाही.

हिशोब कागदावर जमला तरी एकदा खरं वजन करा. हमरस्त्यावरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर वजनकाटा असतो, थोड्या डॉलरमध्ये पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची वेगळी पावती मिळते. पाणी, सामान, माणसं, सगळं भरून जा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा पावती बघून दोघंही गप्प बसलो. घरी येऊन लोखंडी तवा, कॅनमधल्या भाज्या आणि बायकोच्या मते 'कुणी वाचणार नाही अशी' माझी पाच पुस्तकं उतरवली.

आणखी एक गोष्ट काट्यावर दिसत नाही. कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढेच यायला हवा. उत्पादक बाजूला खूण करून देतात. खूण ॲक्सलच्या मागे गेली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ वाटायला लागतं.

उंची आणि रुंदी

पॉप-अप कॅम्परचं छत रस्त्यावर खाली आणि मुक्कामी वर असतं. त्याच्या कापडी भिंतींतून थंडी शिरते, शेजाऱ्याचं बोलणंही. तरी युटासाठी मी पॉप-अपच सुचवतो, कारण झायनचा बोगदा.

झायन–माउंट कार्मेल हा १.१ मैलाचा बोगदा १९३० साली खुला झाला. त्याचं छत कमानीचं असल्यामुळे उंच गाडीला मधोमधच चालावं लागतं. बरीच वर्षं मोठ्या गाड्यांकडून १५ डॉलर घेऊन समोरची वाहतूक थांबवून त्यांना सोडत असत. २०२६ च्या जूनपासून ती सोयही बंद करायचं उद्यानाने जाहीर केलं. मर्यादा आहे उंची ११ फूट ४ इंच आणि रुंदी ७ फूट १० इंच. पक्क्या भिंतींचा, छतावर एसी असलेला कॅम्पर उंच ट्रकवर चढला की ११ फूट सहज ओलांडतो. मागे दुहेरी चाकं असलेला ट्रक नुसत्या चाकांपाशीच आठ फूट भरतो. रुंदी मोजताना आरसे, छत्री, जॅक सगळं धरतात, म्हणून टोइंगचे मोठे आरसे असतील तर निघण्याआधी उद्यानाला फोन करून विचारून घ्या.

बोगद्यात जाता येत नसेल तर माउंट कार्मेल जंक्शनवरून कॅनब, फ्रेडोनिया, हरिकेन असा वळसा घालून झायनच्या दाराशी असलेल्या स्प्रिंगडेलला या. सुमारे १०० मैल पडतात. रस्ता सुरेख आहे, पण अंधारात आणि वाऱ्यात तो घालायची वेळ येऊ नये.

उंची मोजताना ट्रकवर कॅम्पर चढवून, टायरमध्ये रस्त्यावरची हवा ठेवून, सर्वांत उंच भागापर्यंत मोजा. तो भाग बहुतेक वेळा एसी किंवा व्हेंट असतो.

चढवणं, बांधणं, सराव

कॅम्परच्या चार कोपऱ्यांवर चार जॅक असतात. त्यांच्यावर कॅम्पर उचलायचा, टेलगेट काढून ट्रक मागे घेत त्याच्याखाली सरकवायचा, मग कॅम्पर हौद्यात बसवायचा. सांगायला एका ओळीचं काम, पहिल्यांदा करायला आम्हाला दुपार लागली. तीन सूचना देतो. हौद्यात जाड रबरी मॅट टाका, नाहीतर कॅम्पर सरकतो. जॅक खाली-वर करताना चारही सारखे, थोडे थोडे हलवा. आणि ट्रक मागे घेताना सूचना देणारा माणूस एकच असू द्या, सोसायटी गोळा करू नका.

मग साखळी किंवा दांड्यांनी चारही कोपरे ट्रकच्या चौकटीला आवळायचे. त्यांना आवळणारे स्क्रू, म्हणजे टर्नबकल, पहिल्या पन्नास मैलांत सैल होतात. थांबून पुन्हा आवळा, मग रोज सकाळी चहाआधी हात लावून बघा.

पहिला मुक्काम घरापासून तासाभराच्या स्टेट पार्कमध्ये करा. हीटर लागत नाही, पाण्याचा पंप आवाज करतो, चमचे घरी राहिले, या गोष्टी तिथे कळलेल्या बऱ्या. ट्रक नसेल तर कॅम्परसकट ट्रक भाड्याने मिळतो. करार मात्र नीट वाचा, बहुतेकांत कच्च्या रस्त्यावर न्यायची मनाई असते. गाडी चालू असताना कुणीही मागच्या कॅम्परमध्ये बसायचं नाही. काही राज्यांत त्याला परवानगी असली तरी तिथे सीटबेल्ट नसतो. म्हणून माणसांची संख्या ट्रकच्या सीटवरूनच ठरते.

कधी जायचं, आरक्षण, पास

सप्टेंबरची अखेर ते ऑक्टोबरचा मध्य, हा माझा काळ. जुलैत झायन आणि आर्चेसजवळच्या मोआब गावात पारा १०० अंश फॅरनहाइटच्या वर जातो आणि त्याच सुमारास सुरू होणाऱ्या पावसाने अरुंद घळ्यांत अचानक लोंढे येतात. एप्रिल-मे सुंदर असतो, पण ब्राइसचा कडा ८,००० ते ९,००० फुटांवर आहे. तिथे मे महिन्यातही रात्री पाणी गोठू शकतं.

उद्यानांतल्या कॅम्पग्राउंडचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं. झायनचं वॉचमन, आर्चेसचं डेव्हिल्स गार्डन, कॅपिटॉल रीफचं फ्रुटा यांच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात. माउंटन टाइमप्रमाणे सकाळी आठला खातं उघडून, कार्ड भरून तयार बसा. तत्काळ तिकिटाचा अनुभव इथे कामाला येतो. फॉर्ममध्ये गाडीची लांबी विचारतात. आपली गाडी २१-२२ फुटांची, त्यामुळे मोटरहोमवाल्यांना न चालणाऱ्या छोट्या जागाही आपल्याला चालतात. तंबूच्या जागा मात्र टाळा.

राष्ट्रीय उद्यानात पायवाटांच्या सुरुवातीला असलेल्या पार्किंगमध्ये झोपता येत नाही, कॅम्पग्राउंडच हवं. जागा नाही मिळाली तर उद्यानाच्या बाहेर पडा. केंद्र सरकारच्या बीएलएम (सरकारी जमिनी सांभाळणारं खातं) आणि राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी साधारण १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. ब्राइसजवळ डिक्सी नॅशनल फॉरेस्टमध्ये आम्ही असेच राहिलो. मोआबभोवती मात्र आता नियम कडक आहेत, ठरवून दिलेल्या जागीच थांबायचं. तिथे हायवे १२८ वर कोलोरॅडो नदीच्या काठाने बीएलएमची छोटी कॅम्पग्राउंड आहेत, पहिल्या येणाऱ्याला पहिली जागा. सकाळी नऊच्या सुमारास, लोक निघत असताना जा.

प्रवेशासाठी अमेरिकेत राहणाऱ्यांना 'अमेरिका द ब्यूटिफुल' हा ८० डॉलरचा वार्षिक पास परवडतो. उद्यानात एका गाडीला सात दिवसांचे बहुधा ३० ते ३५ डॉलर पडतात. १ जानेवारी २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आणि पास नसेल तर झायन, ब्राइससह ११ उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा लागतात. पुण्याहून आई-बाबा येणार असतील तर हे गणित आधी मांडा. पासबरोबर फोटो असलेलं इथलं ओळखपत्रही जवळ ठेवा.

रस्ता: पूर्वेकडून पश्चिमेकडे

डेन्व्हरहून मोआब साडेतीनशे मैल. भरलेल्या ट्रकने मी एका दिवसात त्याहून जास्त चालवत नाही. आय-७० वर आडवा वारा लागला तर ताशी ६० मैलांच्या खाली या, मागची रांग काय म्हणते ते म्हणू दे.

मोआबला तीन-चार रात्री द्या. आर्चेसमध्ये पहाटे शिरा. २०२२ ते २०२५ तिथे हंगामात वेळेचं आरक्षण लागत असे. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी तपासा. कॅन्यनलँड्सच्या 'आयलंड इन द स्काय' भागात विलो फ्लॅट हे फक्त १२ जागांचं कॅम्पग्राउंड आहे. आरक्षण नाही, पाणीही नाही. ग्रीन रिव्हर ओव्हरलुक तिथून चालत. तिथे जागा मिळाली की मी बाकीचे बेत रद्द करतो. नाही मिळाली तर शेजारी डेड हॉर्स पॉइंट स्टेट पार्कमध्ये वीज मिळते, पण पाणी बाहेरून टँकरने आणतात, तेव्हा मोआबलाच टाकी भरून जा. कड्यावरून खाली जाणारा शेफर ट्रेल आणि व्हाइट रिम रस्ता बघून मोह होतो. डोक्यावर दीड टन घेऊन तिथे जाऊ नका.

मोआबहून हँक्सव्हिलमार्गे कॅपिटॉल रीफ सुमारे १५० मैल. हँक्सव्हिलला पेट्रोल भरा. पाचांपैकी लोक सर्वांत घाईने हेच उद्यान उरकतात आणि मला सर्वांत जास्त हेच आवडतं. फ्रुटा कॅम्पग्राउंड जुन्या फळबागांच्या मधे आहे. १८८० नंतर इथे वस्ती करणाऱ्या मॉर्मन कुटुंबांनी लावलेल्या बागा उद्यान अजून राखतं. जूनमध्ये चेरी, मग जर्दाळू, ऑगस्टमध्ये पीच, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सफरचंद. 'तोडणी सुरू' अशी पाटी असलेल्या बागेत शिरायचं, झाडाखाली बसून खाल्लं तर फुकट, घरी न्यायचं तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे. गिफर्ड हाउसमध्ये फळं भरून भाजलेले 'पाय' (pie) मिळतात, दुपारपर्यंत संपतात.

कॅथेड्रल व्हॅलीची फेरी इथूनच निघते. सुमारे ५८ मैलांचा कच्चा रस्ता, सुरुवातीलाच फ्रीमाँट नदी गाडीने ओलांडायची. तिथली बेंटोनाइट माती कोरडी असली की काँक्रीट, ओली झाली की लोणी. पाऊस झालेला असेल किंवा अंदाज असेल तर नाही म्हणजे नाही. कोरड्यात जायचं झालं तरी आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरमध्ये रस्त्याची अवस्था विचारा.

पुढे हायवे १२. बोल्डर डोंगरावर तो ९,६०० फुटांपर्यंत चढतो आणि बोल्डर ते एस्कलांटेच्या मधे 'हॉगबॅक' नावाच्या धारेवरून जातो. दोन्ही बाजूंना दरी, कठडा नाही. उतारावर गिअर आधीच खाली टाका. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत त्यांचा वास येईल. हा पट्टा दिवसाच पार करा, संध्याकाळी रस्त्यावर हरणं आणि मोकळी गुरं येतात.

ब्राइसला दोन रात्री पुरतात. २३ फुटांपेक्षा लांब गाड्यांना हंगामात मुख्य पॉइंटच्या पार्किंगमध्ये दिवसा जागा देत नाहीत. मागे सायकलचा कॅरिअर लावला असेल तर तोही मोजा. त्याच्यामुळेच आमचा ट्रक एकदा २३ च्या वर गेला आणि आम्ही उद्यानाच्या शटल बसने फिरलो. सूर्योदय सनराइझ पॉइंटपेक्षा ब्राइस पॉइंटवरून बघा.

शेवटी झायन. कॅन्यनच्या आतल्या रस्त्यावर २००० सालापासून हंगामात खासगी गाड्या बंद आहेत, शटल चालते. वॉचमनला आरक्षण असेल तर ट्रक एकदा लावायचा आणि निघेपर्यंत हलवायचा नाही. काही जागांना वीजही आहे. आरक्षण नसेल तर व्हिजिटर सेंटरचं पार्किंग सकाळी लवकर भरतं, सातच्या आत पोचा. परतीला आय-१५ आणि मग आय-७०. सलायना ते ग्रीन रिव्हर या शंभराहून जास्त मैलांत एकही पंप नाही. पिकअपवर वजन असलं की पेट्रोल भराभर संपतं, सलायनाला टाकी भरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाणी, स्वयंपाक आणि ती दुसरी टाकी

पंचवीस गॅलन पाणी दोघांना चार-पाच दिवस पुरतं, अट एकच: शॉवर विसरा. बादली, तांब्या आणि दोन लिटर कोमट पाणी. लहानपणी गावी दुष्काळात जी आंघोळ केली तिचा इथे उपयोग होतो. ताटं आधी कागदाने पुसा, मग धुवा. खरकटं पाणी जमिनीवर ओतायचं नाही, ते सांडपाण्याच्या टाकीतच.

पाणी ब्राइसच्या उंचीवर ९२ अंश सेल्सियसच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजायची वाट बघत बसलात तर गॅस संपेल, डाळ तशीच राहील. तीन लिटरचा छोटा कुकर न्या, वजनाची सगळी काटछाट केली तरी तो ठेवा. फोडणी मात्र बाहेरच्या शेगडीवर करा. आत केली तर मोहरी पलंगावर उडते, हिंगाचा वास पॉप-अपच्या कापडात झायनपर्यंत राहतो. स्वयंपाक करताना छताचा व्हेंट आणि एक खिडकी उघडीच हवी. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म निघण्याआधी बटण दाबून तपासा. उबेसाठी शेगडी पेटवून झोपू नका, त्यासाठी धूर बाहेर सोडणारा हीटर वेगळा असतो.

लहान कॅम्परमध्ये कॅसेट टॉयलेट असतं. भरलं की बाहेरच्या झडपेतून सुटकेससारखा डबा ओढून काढायचा आणि डंप स्टेशनवर रिकामा करायचा. फ्रुटा, ब्राइस आणि वॉचमनला डंप स्टेशन आहे, पण थंडीत ती बंद असू शकतात. आर्चेस-कॅन्यनलँड्ससाठी हे काम मोआब गावात उरका. दोघांत हा डबा दोन-तीन दिवसांत भरतो. पाळी कुणाची हे घरीच ठरवून निघा.

वीज म्हणाल तर १०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी आणि छतावर सौर पॅनेल असलं की दिवे, पंप, फोन, बारा व्होल्टचा फ्रिज सहज चालतात. जनरेटर नेऊ नका, वजन आहे आणि उद्यानांत त्याच्या वेळा ठरलेल्या असतात, काही ठिकाणी सकाळ-संध्याकाळ जेमतेम दोन-दोन तास. फ्रिज प्रोपेनवर चालणारा असेल तर गाडी समतळ उभी हवी. चाकाखाली ठोकळे घाला आणि ओट्यावर ताटात पाणी घेऊन बघा. पेट्रोल भरताना तो बंद करा. आठ हजार फुटांच्या वर असा फ्रिज कधी कधी पेटायचं नाकारतो. ब्राइसला आमच्या फ्रिजने तेच केलं, तेव्हा रात्री दही बाहेरच्या पायरीवर ठेवलं. सकाळी ते गोठलं होतं आणि शेजारी कावळा बसला होता.

निघताना

रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी आम्ही एकच फेरी मारतो: छत खाली आणि कड्या लावलेल्या, व्हेंट बंद, पायरी आत, प्रोपेनची झडप बंद, जॅक वर, टर्नबकल घट्ट, चाकांखालचे ठोकळे उचललेले, आतली कपाटं कुलूपबंद. एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा हात लावून बघतो. मग ट्रकमध्ये बसून गणपतीला नमस्कार आणि शेजारची चिठ्ठी: ९ फूट २ इंच.